मांजराची माती

आमच्या जुन्या घरात मांजराला कधी कुणी काही शिकवलं नाही. तशी गरजच पडली नाही. घर माळवदाचं. जमीन शेणानं सारवलेली, पुढं मातीचं अंगण, मागं गोठा, गोठ्यापलीकडं उकिरडा. चुलीची राख रोज सकाळी परसात एका कोपऱ्यात पडायची. मांजरी व्याली की पिल्लं माळ्यावर नाहीतर गव्हाणीत ठेवायची. मांजराच्या पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे आपलं आपण मुतताही येत नाही. आईनं जिभेनं चाटलं की मग ते होतं, आणि जे होतं ते आईच साफ करते. म्हणून व्यालेल्या मांजरीच्या जागेवर घाण दिसत नाही. पुढं पिल्लं चालायला लागली की आईच्या मागनं राखेच्या ढिगाकडं जायची. ती उकरायची तसं उकरायची, झाकायची आणि परत यायची. शाळा म्हणाल तर एवढीच.

आई म्हणायची, "समद्या जनावरांत मांजराला तेवढी लाज. केल्यालं झाकून येतंय."

खरंच आहे. बैल चालता चालता पो टाकतो, शेरडं उभ्या जागी लेंड्या टाकतात, कोंबडी तर कुठंही. मांजर तेवढं आधी जागा हुंगतं, खड्डा करतं, काम झालं की माती ओढतं आणि परत एकदा हुंगून खात्री करून घेतं. मात्र त्याला एक गोष्ट लागते. पायाखाली उकरता येईल अशी मोकळी, कोरडी माती.

पाच वर्षांपूर्वी आम्ही माळवद पाडून स्लॅबचं घर बांधलं. थोरला पोरगा पुण्यात कंपनीत कामाला, त्यानंच कर्ज काढलं. आत पांढरी चकचकीत फरशी आली. चूल गेली, गॅस आला, म्हणजे राख गेली. पावसाळ्यात चिखल घरात येतो म्हणून अंगणात ब्लॉक बसवले. उकिरडा शेतात हलवला. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण मांजराच्या बाजूनं बघितलं तर त्या घरात आणि अंगणात मिळून हातभर माती शिल्लक नव्हती.

आमचा मंगळवेढा तालुका म्हणजे ज्वारीचं कोठार. काळी भारी जमीन, पाऊस कमी. परतीच्या पावसाच्या ओलीवर आणि थंडीत पडणाऱ्या दवावर मालदांडी येते. आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांना उघडं करून देणारे दामाजीपंत इथलेच. तेव्हा धान्याला पाय लागला तर पाया पडायची इथली रीत. आणि जिथं ज्वारी तिथं उंदीर हे ठरलेलं. पोती कुरतडतात, खातात त्यापेक्षा जास्त नासवतात. औषध टाकावं तर उंदीर कुठंतरी मरून कुजतो, कोंबड्यांना धोका, पोराबाळांना धोका. म्हणून आमच्या घरात मांजर पिढ्यान्‌पिढ्या आहे. हौस म्हणून नव्हे, घरातलं एक माणूस म्हणून.

मागच्या फाल्गुनात घरची मांजरी रस्त्यावर गाडीखाली गेली. तिची तीन पिल्लं होती. दोन बोक्यानं मारली. एक राहिलं, ते कडब्याच्या गंजीत ओरडत होतं. सहा आठवड्यांचं असेल. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. मी आणून आईच्या मांडीवर ठेवलं.

आई तेव्हा चौऱ्याऐंशीची. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेलेत. नव्या घरात तिला काही काम उरलं नव्हतं. जुन्या घरात ती भिंत धरून चुलीपाशी जायची, शेंगा फोडायची, दाळ निवडायची. बोटांना कळायचं सगळं. इथं फरशीवर पाय घसरायची भीती, म्हणून आम्ही तिला एका खोलीत बसवून ठेवलेलं. पिल्लू तिच्या पदरात शिरलं ते तिथलंच झालं. तिनं नाव ठेवलं चिंगी.

चिंगीनं पहिल्या दिवसापासून घाण सुरू केली. कपाटामागं, पायपुसण्यावर, दाराच्या कोपऱ्यात. कारभारीण फिनेलनं पुसायची, पिल्लू तासाभरानं परत तिथंच. तेवढ्यावर भागलं असतं. पण आम्ही नवी ज्वारी पोत्यात भरण्याआधी गच्चीवर ताडपत्रीवर वाळत घातली होती. बारा पोत्यांची रास. चिंगी जिन्यानं वर गेली. आता तुम्हीच सांगा, मांजराच्या पायाला ती रास कशी लागली असेल? कोरडी, मोकळी, उकरता येणारी, खाली ओढली की झाकणारी. पाच दिवस फरशीवर वणवण फिरलेल्या पिल्लाला माती सापडली होती.

कारभारणीनं बघितलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन पायल्या ज्वारी बाजूला काढून खड्ड्यात टाकावी लागली. सांडलेला दाणा दाणा वेचून घेणारी बाई ती. तिला ते सोसणं शक्य नव्हतं.

आणि त्यात दुसरी गोष्ट. धाकटी सूनबाई पाचव्या महिन्यात होती. तिला कुणीतरी सांगितलं की मांजरामुळं पोटातल्या बाळाला रोग होतो. ती मला म्हणाली, "मामा, मला मांजराचं वावडं न्हाई. पर बाळाला काय झालं तर?" तिच्या या बोलण्यावर काय उत्तर देणार?

कारभारीण म्हणाली, "आवं, पाडव्यापतोर बघती. न्हाईतर पोत्यात घाला आन् नदीपल्याड सोडून या."

पाडवा अकरा दिवसांवर होता. नदीपल्याड सोडणं म्हणजे काय हे गावात सगळ्यांना माहीत असतं. मोठं मांजर एखादवेळेस वास काढत परत येतं. सहा आठवड्यांचं पिल्लू पहिल्या रात्रीच कुत्र्याच्या तोंडी जातं. आईनं सगळं ऐकलं. काही बोलली नाही. पिल्लावरनं हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी गाईच्या औषधासाठी तालुक्याला जनावराच्या दवाखान्यात जायचंच होतं. पिल्लाला पिशवीत घालून नेलं. डॉक्टर बाईंनी नीट समजावून सांगितलं. तो रोग खरा आहे. त्याचे जंतू मांजराच्या विष्ठेतनं पडतात. पण पडल्या पडल्या ते लागत नाहीत, एक दिवस तरी जावा लागतो. म्हणून घाण रोजच्या रोज उचलायची, आणि गरोदर बाईनं त्या कामाला हात लावायचा नाही. उचलणाऱ्यानं हात साबणानं धुवायचे. हेच जंतू शेतातल्या मातीतही असतात, म्हणून भाजी धुऊन घ्यायची आणि मटण पूर्ण शिजवायचं. नुसतं मांजर घरात आहे म्हणून घाबरायचं कारण नाही.

दुसरं त्यांनी सांगितलं ते फिनेलचं. मांजर पाय चाटतं. फरशीवरचं फिनेल पायाला लागून पोटात गेलं तर मांजराला ते विष आहे. आणि वास नुसता वरनं झाकला तर मांजराच्या नाकाला खालचा वास लागतोच, ते परत तिथंच येतं. साबणाच्या पाण्यानं धुवा, मग पाण्यात व्हिनेगर घालून पुसा, कोरडं करा. तिसरं, पिल्लाचं पोट बिघडलेलं होतं. आम्ही गाईचं दूध भरपूर पाजत होतो. मांजर दुधाचं लोभी, पण पुष्कळ मांजरांना गाईचं दूध पचत नाही, ढाळ लागते. ढाळ लागलेल्या पिल्लाला कुठली जागा आणि कुठलं काय. दूध बंद, उकडलेलं अंडं कुस्करून द्या, पाणी ठेवा, असं सांगून त्यांनी जंताचं औषध पाजलं.

घरी आल्यावर मी तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आडवा कापला. कडा चार बोटं उंच ठेवल्या, म्हणजे पिल्लाला चढता येईल. कापलेला पत्रा हातोडीनं आत दुमडला, पायाला लागू नये म्हणून. डबा आईच्या खोलीत, खाण्याच्या वाटीपासनं लांबच्या कोपऱ्यात ठेवला. जेवायच्या जागी मांजर घाण करत नाही आणि घाणीच्या जागी जेवत नाही. पिल्लाला त्याच एका खोलीत ठेवायचं ठरलं. गच्चीचं दार बंद केलं, ज्वारी दुसऱ्याच दिवशी लिंबाचा पाला घालून पोत्यांत भरून टाकली.

डब्यात काय घालायचं? आई म्हणाली, राख. शेजारी चूल होती, तिथनं आणली. राखेनं वास चांगला दबतो. पण ओल्या पायाला चिकटून पांढऱ्या फरशीवर सगळीकडं पावलं उमटली. आणि ती राख पिल्लू चाटणार.

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. तो हसायला लागला. म्हणाला, "आण्णा, अमेरिकेत पण हेच झालंय." मग त्यानं गोष्ट सांगितली. १९४७ साली मिशिगन राज्यात एडवर्ड लोव म्हणून एक माणूस होता. गॅरेजमधलं सांडलेलं तेल शोषून घेणारा माल विकायचा. शेजारची बाई त्याच्याकडं वाळू मागायला आली. थंडीनं तिची वाळू गोठली होती, आणि मांजराला राख घातली तर घरभर काळी पावलं. त्यानं तिला वाळूऐवजी आपल्याकडची शोषून घेणारी कोरडी माती दिली. बाईला ती एवढी आवडली की ती परत परत न्यायला लागली. मग त्यानं त्याच मातीच्या पिशव्या भरून दुकानात ठेवल्या. वाळू कवडीमोलानं मिळत असताना माती कोण विकत घेणार, असं दुकानदाराला वाटलं, म्हणून पहिल्या पिशव्या फुकट वाटायला लावल्या. त्यातनं मोठा धंदा उभा राहिला. पुण्यात आता असली माती पिशवीत मिळते, पाठवून देऊ का, असं पोरगा विचारत होता. पाणी पडलं की फुगून तिचा गोळा होतो, गोळा उचलून टाकला की झालं.

मी म्हटलं, "फुगून गोळा होणारी माती? आरं, तीवरच आपलं घर चाललंय!"

आमची काळी रान दुसरं करते काय? भिजली की फुगते, पायाला किलोभर चिकटते, वाळली की वीतभर भेगा पडतात. पुण्याची पिशवीही चिकणमातीच, तिची चुलत बहीण म्हणा. शिवाय गोळा होणारी ती माती लहान पिल्लानं खाल्ली तर पोटात फुगते, असं डॉक्टर बाई बोलल्याच होत्या. मी ओढ्याची वाळू चाळून उन्हात वाळवली, ती खाली दोन बोटं घातली. वरनं बांधावरची काळी माती कुटून, चाळून, पातळ पसरली. चिंगीला मातीची चव घ्यायची खोड आहे का हे दोन दिवस बघितलं. नव्हती. डब्यात तिचीच थोडी घाण ठेवली, जागा कुठली हे नाकाला कळावं म्हणून.

पिल्लाच्या वेळा ठरलेल्या असतात. झोपेतनं उठलं की, खाल्लं की, खेळून दमलं की. त्या वेळेला उचलायचं आणि डब्यात ठेवायचं. धरून ठेवायचं नाही. उतरलं तर उतरू द्यायचं. मी बोटानं माती उकरून दाखवायचो, ती माझ्या बोटावरच उडी मारायची.

गावात सल्ले देणारे कमी नाहीत. एकजण म्हणाला, केलेल्या घाणीत नाक घासा, दोन चापट्या द्या, जन्मभर विसरणार नाही. मी तसलं काही केलं नाही. आयुष्यभर बैल शिकवलेत. नांगराला नवा खोंड जुंपला आणि तो बुजला, तर मारून तो नांगर शिकत नाही, तुम्हाला भ्यायला शिकतो. मांजर तर मार खाल्ल्यावर पुढच्या खेपेला तुमच्यासमोर करत नाही एवढंच. कपाटामागं जाऊन करतं.

पण दिवसभर पिल्लामागं बसायला वेळ कुणाला? माझं रान होतं, कारभारणीचं घर. तिथं आई पुढं आली. जागा शोधताना मांजर आधी उकरतं. फरशीवर नखं वाजतात, खर्र खर्र. आपल्याला ऐकूही येत नाही, पण आईला पलीकडच्या भिंतीपासचं ऐकू यायचं. ती लगेच ओरडायची, "आरं उचल! दाराकडं उकरतंय!" मी नसलो तर कारभारणीला हाक. कारभारीण कपाळाला आठ्या घालून यायची, पण उचलून डब्यात ठेवायची. रात्री मी आईच्या खोलीत खाली अंथरूण टाकायचो. रात्रीतनं दोन-तीनदा आईची हाक. डब्यातल्या मातीचा आवाज वेगळा, मऊ. तो आला की ती स्वतःशी म्हणायची, "हां, घातलं बघ ठिकाणावर," आणि कुशीवर वळायची.

दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर मी हाही हिशेब ठेवला. पहिल्या दिवशी डब्यात एक, बाहेर पाच. तिसऱ्या दिवशी दोन आणि चार. अंड्यावर ठेवल्यानं पोट बांधलं गेलं तसं पाचव्या दिवशी बाहेर दोनच. सातव्या दिवशी बाहेर एक. आठव्या दिवशी बाहेर काही नाही.

नवव्या रात्री विहिरीवरच्या मोटारीला रात्रपाळीची लाइट होती. कडवळाला पाणी द्यायला मी रानात गेलो. पहाटे चिखलाचे पाय धुऊन खोलीत आलो तर आई जागी. गोधडीची घडी घालून उशाखाली दाबून धरलेली. मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "हिच्यावर केलंय तिनं. तुझ्या बायकूला सांगू नगंस. डबा भरलाय, म्हणून केलंय. तिची काय चूक न्हाई."

डबा बघितला तर खरंच भरलेला होता. रात्रीत उचलणारं कुणी नव्हतं. घाण असलेल्या जागेवर आपण तरी पाय ठेवतो का? मी गोधडी बगलेत मारून न्हाणीकडं निघालो तर दारात कारभारीण उभी. मांजराच्या मुताचा वास लपत नसतो. तिनं माझ्याकडं बघितलं, आतल्या अंधारात गोधडीविना बसलेल्या सासूकडं बघितलं. गोधडी माझ्या हातातनं घेतली आणि म्हणाली, "सरा. तुमास्नी धुवाया येतीया व्हय?" सकाळी गोधडी वाळत पडली होती. सूनबाईनं विचारलं तर म्हणाली, "आत्यांच्या हातनं पाणी सांडलं."

त्या दिवसापासनं डबा संध्याकाळी एकदा आणि निजायच्या आधी एकदा साफ व्हायला लागला. काढलेली घाण मी शेताच्या कडेला खड्ड्यात पुरायचो, भाजीच्या वाफ्यापासनं लांब. खतात टाकली नाही. आठवड्याला सगळी माती बदलायची, डबा उन्हात तापवायचा. सूनबाई त्या खोलीत आजीशी बोलायला बसायची, पण डब्याकडं कधी फिरकली नाही.

पाडवा आला. गुढी उभारली, पुरणपोळी झाली. पोत्याचं नाव कुणी काढलं नाही. संध्याकाळी कारभारीण पुरणाचं पातेलं घासायला टाकून आली आणि मला म्हणाली, "त्या डब्यातली माती सरत आली. बांधावरची आणायची असंल तर उद्याच्याला घमेलं घेऊन जावा."

पुढं चिंगी तीन महिन्यांची झाली तशी तिला रेबीजची लस टोचून आणली. मग डबा बाहेर न्यायचं मनावर घेतलं. एकदम उचलून बाहेर ठेवला तर मांजर जुन्या कोपऱ्यातच बसतं. म्हणून रोज वीतभर सरकवला. खोलीतनं सोप्यात, सोप्यातनं दारापाशी, दारातनं पायरीखाली. परसातले चार ब्लॉक काढून तिथं काळी माती टाकली. पंधरा-वीस दिवसांत चिंगी दिवसा तिथं जायला लागली. आता ती उंदीर धरते. दिवाळीपर्यंत ज्वारीच्या बारा पोत्यांतलं एकही कुरतडलेलं निघालं नाही. सूनबाई बाळ घेऊन माहेराहून आली. नात धडधाकट आहे.

डबा तेवढा आम्ही घरातनं काढायचा म्हणून काढला होता. पण दोन रात्री गेल्यावर आई म्हणाली, "रातच्याला आता कायच ऐकू येत न्हाई." मी म्हटलं, "चिंगी बाहेर जाती आता, आई. मोठी झाली." ती गप्प बसली.

रात्री बाहेर बोके फिरतात, कुत्री फिरतात, मांजर आत असलेलं बरं, हेही खरंच होतं. तिसऱ्या दिवशी मी डबा परत आईच्या खोलीतल्या कोपऱ्यात ठेवला. रोज निजायच्या वेळी कारभारीण त्यात ओंजळभर कोरडी माती टाकते. पहाटे कधीतरी मातीचा मऊ आवाज होतो, आणि पलीकडच्या खाटेवरनं आई म्हणते, "उठली बघ."